पाचही बरोबर

थोरलीनं सामुद्रधुनी पोहून पार केली तर थोरलीला काय मिळणार होतं, हे गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं. एक प्रमाणपत्र, वर्तमानपत्रात बोटभर बातमी, आणि मरेपर्यंत चारचौघांत सांगायला एक गोष्ट. धाकटीला काय मिळणार होतं ते फक्त धाकटीला ठाऊक होतं, आणि खरं बघायला गेलं तर तिचाच वाटा मोठा होता. तिला एक खोली मिळणार होती.

खोली बंदराच्या गावी होती. धाकटी ज्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची, त्याच्या मालकानं तिकडे नवी शाखा काढली होती आणि शाखेच्या डोक्यावर ही खोली होती. दहा बाय बारा. एक पलंग, एक खिडकी, एक शेगडी, दाराला एक किल्ली. मालक म्हणाला होता, "शाखा तुम्हीच सांभाळा, बाई. शरद ऋतूपर्यंत थांबतो. त्यापुढे मला माणूस बघावा लागेल." दाताच्या डॉक्टरकडे जाते असं आईला सांगून धाकटी खोली बघून आली होती. मालक खाली विजेचा मीटर वाचत होता तेवढ्यात ती चपलांसकट त्या पलंगावर आडवी झाली. चार मिनिटं. कुणी हाक मारली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच चार मिनिटं सलग कुणी हाक मारली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. तेव्हा थोरलीचा घटस्फोट चालू होता, म्हणून आईची जबाबदारी काही दिवसांपुरती धाकटीवर आली. ते काही दिवस अजून चालू होते. आईला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. दुपारच्या पाळीला धाकटी दुकानातून धावत घरी यायची आणि धावत परत जायची. थोरली शनिवारी यायची, फळं घेऊन. पलंगाच्या कडेला बसून म्हणायची, "किती वाळलीस गं तू, छकू." एक्केचाळीस वर्षांच्या बाईला छकू म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं, आणि तेही आठवड्यातून एकदा, दीड तास.

थोरली मात्र वाळत नव्हती. ती मुद्दाम अंगावर चरबी चढवत होती. थंड पाण्यात चरबी म्हणजे पांघरूण, असं मास्तरांनी सांगितलं होतं. मास्तर म्हणजे शहरातल्या पोहण्याच्या तलावावर पस्तीस वर्षं शिट्टी फुंकून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या हाताखालून हजारो पोरं तरंगायला शिकली, पण समुद्र ओलांडणारं एकही निघालं नव्हतं. थोरली पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ कारकून होती. घटस्फोटानंतर मन रमवायला म्हणून तलावावर गेली आणि मास्तरांच्या नजरेत भरली. मग काय, दोघांनी मिळून सामुद्रधुनीचा ध्यास घेतला. थोरलीनं अकरा किलो वाढवले. हिवाळाभर खिडकी उघडी टाकून झोपली, स्वेटर न घालता ऑफिसला गेली, तिथल्या शिपायानं तिला थर्मामीटर म्हणायला सुरुवात केली. एक बहीण खाऊन खाऊन फुगत होती आणि दुसरी उचलून उचलून झिजत होती. दोघींचं मिळून वजन तेवढंच राहिलं असावं.

सौदा धाकटीच्या स्वयंपाकघरात झाला. थोरली म्हणाली, "एकदा सामुद्रधुनी होऊ दे. मग आई माझ्याकडे. कायमची. माझ्याकडे लिफ्ट आहे, तुझ्याकडे तीही नाही."

"आधी का नाही?"

"आधी कसं, छकू? सराव कोण करणार? मनात एक काटा राहिला ना, की मला दुसरं काही सुचत नाही. तुला माहितीये मी कशी आहे ते."

धाकटीला माहीत होतं. म्हणूनच तिनं आईच्या पलंगापाशी नेऊन तेच वाक्य थोरलीकडून पुन्हा म्हणवून घेतलं. आईनं दोघींकडे बघून मान हलवली. साक्षीदार म्हणून आई फारशी भरवशाची नव्हती, पण होती ती एवढीच.

आता घोडं अडलं होतं ते एका कागदापाशी. सामुद्रधुनीच्या समितीला अर्जासोबत दाखला लागे. सोळा अंशांच्या आतल्या पाण्यात, साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा एवढ्यावर, सलग सहा तास. अंगभर रबरी सूट चालत नसे. होडीला धरायचं नाही, कुणी अंगाला हात लावायचा नाही. हात लागला की संपलं. शेवटी आपल्या पायांनी पाण्याबाहेर येऊन उभं राहायचं, मग साक्षीदारानं सही करायची. मागच्या वसंतात थोरली चार तास चाळीस मिनिटांनी बाहेर आली होती आणि खुराक कोमट होता म्हणून धाकटीवर चिडली होती. यंदा सरोवराचं पाणी तेराला होतं, पण दर आठवड्याला अर्धा-पाऊण अंशानं चढत होतं, आणि अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. रविवार उरला होता एकच.

पुढचं कळायचं तर या मंडळींची एक पद्धत समजून घ्यायला हवी. थंड पाण्यात माणूस आधी हाता-पायांनी जात नाही, डोक्यानं जातो. हात चालत राहतात आणि आत दिवा विझत आलेला असतो. म्हणून दर अर्ध्या तासानं, लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या प्याल्यातून गरम खुराक पाजताना, होडीतल्या माणसानं पोहणाऱ्याला प्रश्न विचारायचे. जीभ जड झाली, उत्तर चुकलं, की बाहेर काढायचं. मास्तरांनी पाच प्रश्न ठरवून दिले होते. आज वार कोणता. आईचं वय किती. शंभरातून सात गेले किती राहिले. गाडीचा नंबर उलटा सांग. कपडे कुठे ठेवलेस.

हिवाळाभर थोरली दर रविवारी धाकटीकडे यायची आणि न्हाणीघरातल्या टबात बर्फ ओतून बसायची. रविवारी, कारण दुकान त्या दिवशी बंद. धाकटी स्टुलावर बसून दर पाच मिनिटांनी विचारायची. रविवार. एक्क्याऐंशी. त्र्याण्णव. सात शून्य चार दोन. पिवळ्या पिशवीत. चार महिने, तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं. थोरलीला या पाठांतराचा अभिमान वाटायला लागला होता. "झोपेतून उठवून विचार," ती म्हणायची. परीक्षेचा पेपर आधीच घरी आणून घोटून घेतल्यावर परीक्षा कशाची घेताय, हे त्या न्हाणीघरात कुणाला सुचलं नाही.

धाकटीला खरं म्हणजे सुचायला हवं होतं. दुकानात ट्रकवाले परवान्यासाठी डोळे तपासायला येत तेव्हा त्यातला एखादा बाकावर बसल्या बसल्या तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून ठेवी आणि आत येऊन पोपटासारखी म्हणून दाखवी. धाकटी शांतपणे तक्ता उलटा फिरवायची. "आता वाचा," म्हणायची. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही सुटला नव्हता. मालक म्हणायचा, बाईंना फसवणारा अजून जन्माला यायचाय.

त्या रविवारी शेजारीण आईपाशी बसायला आली. कूस कधी बदलायची ते धाकटीनं तिला कागदावर लिहून दिलं आणि सात वाजता दोघी बहिणी सरोवरावर पोचल्या. आभाळ शिशाच्या रंगाचं होतं. मास्तर किनाऱ्यावर घडीची खुर्ची, दुर्बीण आणि समितीचा फॉर्म घेऊन बसले होते. फॉर्म त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता, पिशवी मांडीवर, आणि पिशवीवर दोन्ही हात. धाकटीला त्यांनी दोन फडकी दिली.

"दर खुराकाला एक दाखवायचं. हिरवं म्हणजे ठीक. लाल दाखवलंस की दुसऱ्या होडीला मोटर लावून मी येतो. आणि मिनिटाला हात मोजायचे. सुरुवातीला चौसष्ट असतील. बावन्नच्या खाली गेले तर मला विचारू नकोस, लाल दाखव."

"हो, मास्तर."

"बहीण म्हणून दया करायची नाही."

धाकटी म्हणाली, "नाही करत." आणि तिनं ती केलीही नाही.

आठ वाजता थोरली पाण्यात शिरली. मानेला, काखेला ग्रीस फासलेलं. पाणी कंबरेला लागलं तेव्हा तिनं एक शिवी हासडली, मग हसली, मग चेहरा पाण्यात घातला. होडीवाला म्हातारा होता, मासेमारी सोडून भाड्यानं होडी हाकणारा. तो वल्ही टाकत म्हणाला, "पैसे देऊन लोक गरम पाण्यात बसतात म्हणे."

"आमच्यात उलटं आहे," धाकटी म्हणाली.

पहिले तीन तास वहीत लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. चौसष्ट हात. त्रेसष्ट. चौसष्ट. प्रश्न पाच, उत्तरं पाच, हिरवं फडकं. दुसऱ्या खुराकाला थोरलीनं तोंडातला घोट गिळून विचारलं, "आईला शी झाली का सकाळी?" धाकटी म्हणाली, "झाली." थोरली म्हणाली, "बरं झालं," आणि उलटी वळून गेली. नऊ वर्षांत आईच्या शौचाची चौकशी तिनं पहिल्यांदाच केली होती, तीही सरोवराच्या मध्यावरून. धाकटीला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. घेऊन जाईल ही आईला, तिच्या मनात आलं. तयारी करतेय.

चौथ्या तासाला साठ. साडेचारला अठ्ठावन्न. पाच तास झाले तेव्हा होडीवाल्यानं वल्ही थांबवली. "तिचे पाय बघा."

पाय खाली लोंबत होते. आत्तापर्यंत थोरली पाण्यावर फळीसारखी होती, आता तिरकी झाली होती. पाण्यात शिरणारा हात बोटं फाकलेला होता आणि पाणी त्यातून नुसतं गळत होतं.

"दमली असेल," धाकटी म्हणाली.

"दमलेला माणूस थांबतो हो. ही थांबत नाहीये."

धाकटीनं घड्याळ लावून हात मोजले. एक्कावन्न भरले. मध्ये लाट आली होती, एखादा सुटला असेल. तिनं पुन्हा मोजले, या वेळी अर्धंच मिनिट. सव्वीस, आणि सत्ताविसावा हात पाण्याबाहेर निघालेला. तो तिनं धरला. सत्तावीस दुणे चोपन्न. वहीत चोपन्न लिहिलं. आकडा खोटा होता असं म्हणता येणार नाही, नुसता उदार होता. प्रश्न विचारले, पाचही उत्तरं आली, जरा सावकाश आली एवढंच. हिरवं फडकं. किनाऱ्यावरून मास्तरांनी हात उंचावला.

मग साडेपाच तासांचा खुराक आला. धाकटीनं काठी पुढे केली. थोरली प्याल्याशी आली पण प्याला तिच्या हाताला लागेना, हात बाजूनं जात होता. तिचे ओठ जांभळ्यावरून राखाडीवर आले होते. धाकटी काठी सावरत, प्याला तिच्या तोंडाशी नेत विचारू लागली. "वार कोणता?"

"रविवार."

प्याला कलंडला, अर्धा सांडला. काठी सावरण्याच्या गडबडीत धाकटीचा दुसरा प्रश्न राहून गेला. ती एकदम म्हणाली, "शंभरातून सात गेले?"

"एक्क्याऐंशी," थोरली म्हणाली.

धाकटीनं प्याला मागे घेतला. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "गाडीचा नंबर?"

"त्र्याण्णव."

"कपडे कुठे आहेत, ताई?"

"सात शून्य चार दोन."

आणि मग कुणी काहीही विचारलेलं नसताना, होडीच्या पलीकडे कुठेतरी बघत, थोरली म्हणाली, "पिवळ्या पिशवीत." आणि वळली, आणि पुन्हा हात मारू लागली.

धाकटीला कळायला वेळ लागला नाही. हा तिचा धंदाच होता. तक्ता फिरला होता आणि माणूस जुनीच ओळ वाचत होता. पाण्यात तिची बहीण नव्हती, नुसते दोन हात होते आणि एक पाठांतर होतं. लाल फडकं तिच्या मांडीखाली दाबलेलं होतं. ते काढायला अर्धा क्षण लागला असता. मास्तर मोटर लावून सात-आठ मिनिटांत आले असते.

"काय म्हणाली?" होडीवाल्यानं विचारलं. त्याचा एक कान गेलेला होता.

धाकटीनं घड्याळ बघितलं. अठ्ठावीस मिनिटं. मागच्या वेळी ऐंशी मिनिटं कमी पडली होती आणि त्या ऐंशी मिनिटांपायी एक वर्ष गेलं होतं. दर चार तासांनी एकदा, म्हणजे दिवसाला सहा, म्हणजे वर्षाला दोन हजार एकशे नव्वद वेळा तिनं आईला उचलून वळवलं होतं. हा गुणाकार तिनं आधीच कधीतरी करून ठेवला असणार, त्याशिवाय तो इतक्या चटकन आठवला नसता. अठ्ठावीस मिनिटं म्हणजे काय मोठं. टबात तर कधी कधी ताईचे दात इतके वाजायचे की शब्द कळायचे नाहीत, तरी तासाभरानं उठून जेवायला बसायची. उत्तरं पाच होती आणि पाचही बरोबर होती. चुकले असतील तर प्रश्न चुकले होते, आणि प्रश्न तिचे होते.

"बरोबर म्हणाली," धाकटी म्हणाली.

वहीत लिहिलं: पाचही बरोबर. आणि हिरवं फडकं वर केलं.

होडीवाल्यानं एकदा तिच्याकडे बघितलं. "तुम्ही बहीण. तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि वल्ही उचलली.

त्यापुढे धाकटीनं हात मोजले नाहीत. थोरली डावीकडे ओढली जायची, होडीवर यायची, होडीवाला होडी बाजूला घ्यायचा. धाकटी मोठ्यानं ओरडत राहिली, "इकडे, ताई, किनाऱ्याकडे, इकडे." तिला हाक कळत होती की नुसता आवाज, कुणास ठाऊक. पण ती वळायची. सहा तास पुरे झाल्याची शिट्टी झाली तेव्हा किनारा चाळीस-पन्नास हातांवर होता. गुडघे वाळूला लागेपर्यंत आणखी चार मिनिटं गेली.

मास्तर पाण्याच्या कडेला उभे होते. धाकटी होडीतून उडी टाकून धावली, तर त्यांनी हात आडवा धरला.

"हात लावू नकोस. उभी राहू दे. नाहीतर सगळं फुकट जाईल."

थोरली चार पायांवर होती. मग एक गुडघा उचलला. मग उभी राहिली. अंगावरचं मांस थरथरायचंही थांबलं होतं. दोन पावलं टाकली. पाणी घोट्याच्या खाली गेलं, मग टाचेखाली, मग ती पूर्ण कोरड्या वाळूवर होती. मास्तरांनी घड्याळाचं बटण दाबलं. सहा तास चार मिनिटं.

धाकटीनं टॉवेल पसरला. थोरलीचे डोळे तिच्याकडे होते, पण तिच्यावर नव्हते. ती सरळ खाली कोसळली, हात पुढे न करता.

थंडीनं जाम झालेलं शरीर पाण्यातून एकदम उभं केलं की पाण्याचा दाब सुटतो, रक्त पायांकडे जातं आणि हृदयाचा ठोका चुकतो, असं नंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. आडवं उचलून आणायला हवं होतं. म्हणजे हात लावायला हवा होता. मास्तरांना हे ठाऊक असणार, पस्तीस वर्षांत त्यांनी बुडालेली माणसं काढली होती. त्यांनी लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, मोजत मोजत, घाम गाळत, फासळ्या मोडेपर्यंत. होडीवाला रस्त्यावर धावला. रुग्णवाहिका यायला एकोणीस मिनिटं लागली. हृदय परत चालू झालं. बाकीचं तितकंसं नाही.

आठवड्यानं मास्तर इस्पितळाच्या व्हरांड्यात आले. हातात तीच प्लास्टिकची पिशवी होती. बाकावर बसत म्हणाले, "वही बघितली मी तुझी. शेवटच्या अर्ध्या तासाचे हात लिहिले नाहीस."

"राहिलं."

"साडेपाचला पाचही बरोबर लिहिलंयस."

"होती ना बरोबर."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना आणखी एक प्रश्न विचारता आला असता. पण तिनंही त्यांना विचारलं असतं, की हात आडवा कुणी धरला होता. दोघंही तिथंच थांबले. "फॉर्म मी पाठवून दिलाय," ते म्हणाले. "ती सहा तास पोहली. ते तर कुणी नाकारू शकत नाही."

समितीचं पत्र महिन्याभरानं आलं. दाखला ग्राह्य, अर्ज मंजूर, ऑगस्टमधली तारीख राखून ठेवली आहे, अभिनंदन. धाकटीनं ते वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि समितीला दोन ओळी लिहून कळवलं की पोहणारी येऊ शकत नाही. त्यांचं उत्तरही आलं. शुभेच्छा होत्या.

सात आठवड्यांनी इस्पितळानं थोरलीला घरी सोडलं. घरी म्हणजे कुणाच्या, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिची लिफ्टवाली सदनिका विकून औषधांचं भागवायचं ठरलं. आईच्या पलंगासमोर, दाराकडच्या भिंतीला, दुसरा पलंग लागला. थोरली डोळे उघडते, भरवलं तर गिळते, नाव घेतलं तर कधी मान वळवते, कधी नाही. अकरा किलो उतरले, आणखी नऊ उतरले. उचलायला आता हलकी आहे. बंदराच्या गावच्या शाखेवर मालकानं दुसरी बाई नेमली. वाईट वाटून त्यानं धाकटीला इथल्या दुकानात रोज दोन तासांची सवलत दिली.

तर कुणी काय भरलं ते एकदा मांडायला हरकत नाही. होडीवाल्यानं फारसं काही भरलं नाही, पोहणाऱ्यांना होडी देत नाही एवढंच. मास्तरांच्या नावावर सामुद्रधुनीला मंजूर झालेला एक विद्यार्थी जमा आहे, ते आता तलावावर फिरकत नाहीत. आई फायद्यात राहिली म्हणावं लागेल. समोर मोठी लेक दिवसभर असते, ती कुठेही निघून जात नाही, आणि ती आजारी आहे हे आईला दर थोड्या दिवसांनी नव्यानं सांगावं लागतं. थोरलीनं सगळंच भरलं, पण एकाच दिवशी, आणि आपण भरलं हे तिला माहीत नाही. धाकटी सकाळी सहाला भरते, दहाला भरते, दुपारी दोनला दुकानातून येऊन भरते, संध्याकाळी सहाला, रात्री दहाला आणि दोनला. आधी आईची कूस, मग ताईची. वर्षाचे चार हजार तीनशे ऐंशी.